ब्लेअर म्हणजे फक्त इराक का?

लेस्टरकर: २७ जून २००७ ला टोनी ब्लेअर ब्रिटनच्या पंतप्रधानपदावरून पायउतार झाले. त्या दिवशी शेवटची प्रश्नोत्तरं संपल्यावर कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, विरोधी बाकांवरचेही उभे राहून टाळ्या वाजवत होते. आज इथे ब्रिटनमध्ये कुणापुढेही त्यांचं नाव काढा, दुसऱ्या वाक्यात इराकचं युद्ध येतंच. मला हा अन्याय वाटतो. उत्तर आयर्लंडमध्ये तीसेक वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली होती. १९९८ मध्ये गुड फ्रायडे शांतता करार झाला आणि मे २००७ मध्ये ब्रिटनशी जोडलेलं राहायचं म्हणणारे इयान पेस्ली आणि आयर्लंडमध्ये जायचं म्हणणारे मार्टिन मॅकगिनेस, म्हणजे साप-मुंगूस, एकाच सरकारात बसले! शिवाय १९९९ पासून किमान वेतन, स्कॉटलंड-वेल्सला स्वतःची विधिमंडळं. त्यांच्या मजूर पक्षाला सलग तीन निवडणुका दुसऱ्या कुणी जिंकून दिल्यात?

तिरकस: कराराचं श्रेय द्या, पण वाटून द्या. त्यांच्या आधीचे पंतप्रधान जॉन मेजर यांनी १९९३ मध्येच आयरिश सरकारबरोबर जाहीरनामा काढला होता. उत्तर आयर्लंडच्या मंत्री मो मोलम आणि मध्यस्थी करणारे अमेरिकेचे जॉर्ज मिचेल यांनी किती खस्ता खाल्ल्या! आणि तिसरा विजय म्हणाल, तर २००५ मध्ये मतं होती जेमतेम ३५ टक्के.
आता इराक. इराकला ४५ मिनिटांत रासायनिक-जैविक शस्त्रं डागता येतील, असं सप्टेंबर २००२ च्या सरकारी दस्तऐवजात छापलं. शस्त्रं सापडलीच नाहीत. १७९ ब्रिटिश सैनिक गेले, इराकी नागरिक लाखाच्या वर. हे 'बाकी काम चांगलं होतं' म्हणून सोडून द्यायचं?

निशिगंधा: युद्धाचा ठराव संसदेत ४१२ विरुद्ध १४९ मतांनी मंजूर झाला होता, हे सोयीस्करपणे विसरू नका. विरोधातल्या हुजूर पक्षाचे बहुतेक खासदार बाजूने होते. पुढे सगळे हात झटकून मोकळे.

तिरकस: त्या खासदारांना सांगितलं काय होतं? मंत्रिमंडळात बसणाऱ्या रॉबिन कुकनाच पटलं नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. ते माजी परराष्ट्रमंत्री, कुणी हौशी आंदोलक नव्हेत. या युद्धाच्या चौकशीच्या २०१६ च्या चिल्कॉट अहवालानेही म्हटलं की शांततेचे मार्ग संपलेले नसताना युद्ध केलं.

स्टेथोस्कोप: तुमचं चालू द्या. आम्हा डॉक्टरांना ब्लेअर वेगळेच आठवतात. एनएचएसला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला, भरपूर पैसा मिळाला, शस्त्रक्रियेसाठीची ताटकळ कमी झाली, हे खरं. पण २००६ च्या वसंतात युरोपाबाहेरच्या डॉक्टरांचं वर्क परमिटशिवायचं प्रशिक्षण अचानक बंद केलं. परीक्षा देऊन, कर्ज काढून आलेली भारतातली पोरं अधांतरी. भारतीय डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली आणि २००८ मध्ये लॉर्ड्सनी, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, आरोग्य खात्याचा एक आदेश बेकायदा ठरवला. तोवर किती जण सामान बांधून परतले होते. या गोष्टीवर धागा कधी निघत नाही.

लेस्टरकर: डॉक्टर, तुमचा मुद्दा मान्य, तो धागा काढाच. तिरकसराव, तुमच्याशी मात्र जमणार नाही. सैन्य पाठवणं चूकच होतं, पण तुम्ही मेलेले मोजता, तर उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये जे मेले नाहीत तेही मोजा.

तिरकस: मोजले. इराकमधल्या बसऱ्याचे त्यातून वजा होत नाहीत.