स्कायला जाताय तर एगही बघा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या स्काय बेटावर फार गर्दी असते असं म्हणतात, ते अगदी पटलं. निवांत किनाराच हवा असेल तर स्कायच्या दक्षिणेचं छोटं एग बेट बघाच. मुख्य भूमीवरच्या मॅलेग बंदरातून बोट मिळते. पाहुण्यांना गाडी नेता येत नाही, आणि तेच बरं आहे. बोटीच्या धक्क्यावरून बेटावरच्या क्लीडेल गावापर्यंत चालत किंवा भाड्याच्या सायकलने जायचं. आधी लेगचा मोठा किनारा लागतो. तिथल्या वालुकाश्मातले गोल गोल दगड बघण्यासारखे आहेत. पण तिथेच थांबू नका. थोडं उत्तरेला 'सिंगिंग सँड्स' नावाची लहानशी पुळण आहे. क्वार्ट्झची पांढरी वाळू, कोरडी असली की पायाखाली चक्क कुंईकुंई वाजते. ओली असली की गप्प, म्हणून उघडीप बघूनच जा. समोर रम बेटाचे डोंगर. मला तर स्कायपेक्षा हेच जास्त आवडलं.

या बेटाबद्दल मला फार आदर वाटतो. १९९७ मध्ये रहिवाशांनी पुढाकार घेऊन ते जमीनदाराकडून विकत घेतलं, २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन यांवर स्वतःची वीज करतात. बोटीचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, ते आधी बघा. भरती-ओहोटीचंही बघा, ओहोटीला पुळण ऐसपैस मिळते.