गोल्फ : सरावात सरळ जाणारा चेंडू फेरीत उजवीकडे का जातो? प्री-शॉट रुटीनबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी उजव्या हाताने खेळतो आणि गेली चार वर्षे नियमितपणे खेळत आहे. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जमिनीवर दोन अलाइनमेंट स्टिक (दिशा दाखवणाऱ्या काठ्या) ठेवून ७ आयर्न या क्लबने मारलेल्या दहा चेंडूंपैकी सात-आठ चेंडू मनाजोगत्या रेषेत जातात. प्रत्यक्ष फेरीत मात्र पहिले पाच-सहा होल झाले की फेअरवेवरून (होलच्या मधल्या, कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्यावरून) मारलेले फटके उजवीकडे सुटू लागतात, आणि अधूनमधून एखादा उलट डावीकडे खेचला जातो. चेंडू क्लबफेसच्या (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) मधोमध बसलेला हाताला स्पष्ट जाणवतो. म्हणून दोष स्विंगपेक्षा उभे राहण्यात असावा, असे मला वाटते.

माझे प्री-शॉट रुटीन, म्हणजे प्रत्येक फटक्याआधीची ठरलेली पद्धत, असे आहे. चेंडूच्या मागे तीन पावलांवर उभे राहून रेषा ठरवायची, त्या रेषेवर चेंडूपुढे दोन-तीन फुटांवर जुना डिव्हट (आधीच्या फटक्याने उखडलेली जागा) किंवा वाळके पान अशी एखादी खूण निवडायची, आधी क्लबफेस त्या खुणेकडे काटकोनात लावायचा, मग पाय, नितंब आणि खांदे रेषेला समांतर आणायचे, दोनदा लक्ष्याकडे पाहायचे आणि मारायचे. विख्यात गोल्फपटू जॅक निकलॉस यांच्या सवयीमुळे ही जवळच्या खुणेची युक्ती सर्वांना परिचित आहे आणि माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे.

गेल्या महिन्यात सरावाच्या एका फेरीत मी स्टान्स (फटक्यासाठी उभे राहण्याची स्थिती) घेतल्यावर सहखेळाडूला माझ्या बुटांच्या टोकांना टेकवून एक क्लब आडवा ठेवायला सांगितले आणि मागे जाऊन पाहिले. बुटांची रेषा ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीच्या) उजव्या बंकरवर (वाळूच्या खड्ड्यावर) रोखलेली होती, तर मागून काढलेल्या व्हिडिओत खांदे डावीकडे उघडलेले दिसले, आणि हे दोन्ही मला स्वतःला अजिबात जाणवले नव्हते. मान वळवून शेजारून पाहताना समांतर उभे असतानाही आपण डावीकडे वळलो आहोत असे भासते, त्यामुळे पाय नकळत उजवीकडे सरकतात आणि मग खांदे ती चूक झाकायला उघडतात, असा मी अर्थ लावला आहे. तो बरोबर आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चेंडू कोणत्या दिशेने सुटेल हे मुख्यतः क्लबफेस ठरवतो, हे मला माहीत आहे. १५० यार्डांवर फेस एका अंशाने चुकला तर सुमारे २.६ यार्डांचा फरक पडतो आणि पाच अंशांनी चुकला तर १३ यार्डांचा, म्हणजे ग्रीनचा मध्य सोडून थेट बंकर. याच्याशी जुळणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पार-३ (तीन फटक्यांत पुरा होणे अपेक्षित असलेल्या) होलवर टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) मारताना मी चेंडूवर आखलेली रेघ लक्ष्याकडे लावून ठेवतो, आणि त्याच ७ आयर्नचा फटका तिथे क्वचितच भरकटतो. फेअरवेवर चेंडू जसा पडला तसाच खेळायचा असल्याने ही सोय नाही. तिथे एकसारख्या हिरवळीत निवडलेली खूण चेंडूपर्यंत चालत येईपर्यंत हरवते, आणि मग माझे डोळे सरळ झेंड्यावर जातात.

दुसरा धागा वेळेचा आहे. मोबाइलवर मोजले तेव्हा सुरुवातीच्या होलवर माझे रुटीन १८ ते २० सेकंदांत संपत होते, शेवटच्या होलवर तेच ३५ सेकंदांवर गेले होते. नियमांत ४० सेकंदांची शिफारस असल्याने ते मर्यादेत आहे, पण वाढलेला सगळा वेळ चेंडूपाशी उभे राहून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वर पाहण्यात गेला होता, आणि प्रत्येक वेळी वर पाहिले की खांदे थोडे हलतात. खरे नुकसान इथेच होत असावे, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

फेरीत तपासणीची साधनेही मर्यादित आहेत. २०१९ च्या नियमांपासून स्टान्स घेण्यासाठी क्लब किंवा काठी जमिनीवर ठेवता येत नाही, मारण्यापूर्वी ती उचलली तरी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड बसतो, आणि स्टान्स घ्यायला सुरुवात केल्यापासून कॅडीला (क्लब वाहणाऱ्या मदतनीसाला) मुद्दाम मागे रेषेत उभे करून दिशा तपासून घेणेही चालत नाही.

तेव्हा माझी विचारणा अशी आहे. खूण दोन फुटांवर घ्यावी की पाच-सहा फुटांवर, म्हणजे ती चालताना हरवणार नाही आणि तरीही नजरेच्या कडेला राहील? ग्रिप (क्लबवरची पकड) चेंडूमागेच पक्की करून यावे, की फेस लावल्यानंतर? फेस लावल्यावर पाय मांडताना मनगट फिरून तो उघडतो अशी मला शंका आहे. आणि मध्येच वाऱ्याची झुळूक आली किंवा कोणी बोलले, तर पुन्हा मागे जाऊन सर्व पहिल्यापासून करावे, की फक्त फेसपासून? मागून येणारा गट थांबलेला असताना पूर्ण रुटीन पुन्हा करण्याचा संकोच वाटतो आणि मी तसाच मारतो. सर्वात वाईट फटके बहुधा त्याच वेळी जातात, म्हणून या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वाधिक हवे आहे. ज्यांनी स्वतः अशी अडचण सोडवली आहे त्यांनी नेमके काय बदलले आणि फेअरवेवर ते टिकायला किती फेऱ्या लागल्या, हेही कृपया लिहावे.