भट्टी बदला म्हणणं सोपं, पैसे कोण देणार?

चाळीतला (धागा)

मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ ला आदेश दिला, की लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूरवाल्यांनी सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनावर यावं. महापालिका वर्षभराची मुदत देत होती, न्यायालयाने ती निम्मी केली. धुराची बाजू मी घेत नाहीये, उगाच अंगावर येऊ नका.

आमच्या गल्लीतली बेकरी पगडीच्या गाळ्यात आहे. जागा घरमालकाची, भाडेपावती वारलेल्या चुलत्याच्या नावावर, धंदा सगळा रोखीचा. विटांची भट्टी फोडायची, नवा ओव्हन बसवायचा आणि तोवर दुकान बंद. तेवढ्या दिवसांत हॉटेलवाले दुसऱ्याकडून लाद्या घ्यायला लागतात, ते परत येत नाहीत. बँकेने बेकरीवाल्याला दारातूनच वाटेला लावलं. शेवटी त्याने रोजच्या हप्त्यावर पैसे उचलले, व्याज विचारू नका. नियम करताना सगळ्यांनी धुरांडं बघितलं, गल्ला कुणी बघितला नाही.

तिसरा मजला

तुमच्या त्या धुरांड्याचं तोंड माझ्या आईच्या खिडकीसमोर आहे असं समजा. भट्टीत काय जातं ते पहाटे चारला उभं राहून कधी पाहिलंय? वखारीतलं चांगलं लाकूड परवडत नाही म्हणून भंगारातली कपाटं, प्लायवुड, सनमायकाचे दरवाजे. लाकडाबरोबर रंग आणि डिंकही जळतो. पीएम २.५ ची, म्हणजे छातीत खोल जाणाऱ्या बारीक कणांची, आपली वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५. आईच्या खिडकीत कुणी यंत्र लावलेलं नाही, पण तिची छाती बरोबर सांगते.

आणि पैशांचंच बोलायचं तर ऐका. महात्मा फुले योजना दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येते. दर महिन्याचा इनहेलर आम्ही खिशातून घेतो. हप्ता तुमच्या बेकरीवाल्याला आहे तसा आम्हालाही आहे, केमिस्टकडे.

निवृत्त शाखाधिकारी

बँकांना शिव्या घालणं सोपं असतं. मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान आहे. बेकरी त्यात बसते. पण हे महाशय वर्षानुवर्षं विवरणपत्र भरत नाहीत, खात्यात उलाढाल दाखवत नाहीत. कर चुकवताना गरीब आणि कर्ज मागताना उद्योजक? मी तरी कशाच्या जोरावर सही केली असती?

चाळीतला

साहेब, ते अनुदान कर्जाला जोडलेलं आहे. आधी कर्ज मंजूर, मग अनुदान. म्हणजे ज्याला कर्ज मिळत नाही त्याला ३५ टक्के काय आणि १०० टक्के काय! आणि ‘विनातारण’ पत्रकात असतं. शाखेत गेलं की जामीनदार कोण, जागेचे कागद कुठे, हेच सुरू होतं.

खारी-बटर

बिल्डर धूळ उडवतात, ट्रक धूर सोडतात, आणि पकडलं कुणाला, तर पाववाल्याला. शिवाय लाकडाच्या भट्टीतल्या पावाची चव… जाऊ दे, इथे मार बसेल.

तिसरा मजला

बसणारच. बांधकामांच्या धुळीसाठीही महापालिकेने २०२३ मध्ये नियमावली काढली, ती नीट पाळली जात नाही हे मान्य. म्हणून समोरचा धूर गिळायचा? आणि चवीचं कौतुक करताना त्या भट्टीवरच्या माळ्यावर झोपणाऱ्या कामगाराला विचारा. माझ्या आईच्या आधी तो धूर त्याच्या छातीत जातो. त्याच्या खोकल्याबद्दल या धाग्यात अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

वसईकर

माझी भीती वेगळीच आहे. ज्यांना पैसे उभे करता येणार नाहीत ते गाळा सोडतील आणि आमच्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये तीच भट्टी लावतील. पाव टेम्पोने मुंबईला, धूर आमच्याकडे मुक्कामाला.

निवृत्त शाखाधिकारी

चाळीतले, वाद बाजूला ठेवू. तुमचा बेकरीवाला मैदा कुठून घेतो? घाऊक दुकानातून उधारीवर घेत असेल तर पावत्या असणारच. दोन-तीन वर्षांच्या पावत्या सलग लावल्या तर रोज किती पोती लागतात ते दिसतं, त्यावरून विक्रीचा अंदाज येतो. त्या आणि विजेची बिलं घेऊन माझ्याकडे पाठवा. अर्ज मी भरून देतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होते, तिला पैसे लागत नाहीत.

चाळीतला

आत्ताच दुकानात जाऊन विचारून आलो. पावत्या आहेत, खिळ्याला अडकवून जपून ठेवल्यात. सगळ्या चुलत्याच्या नावावर.