निदान करताना वर्गातील वयही पाहावे
एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता व उतावळेपणा ही लक्षणे असलेला विकार) म्हणजे साध्या खोडकरपणाला दिलेले वैद्यकीय नाव होय, या मताशी मी सहमत नाही. मात्र त्यामागील शंका अगदीच निराधार आहे, असेही नाही. अनेक देशांतील विद्यापीठीय संशोधकांना आरोग्य-नोंदी तपासताना असे आढळले आहे की, एकाच वर्गातील वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलांमध्ये हे निदान तुलनेने अधिक होते, म्हणजे वयानुरूप अपरिपक्वतेलाच कधी कधी विकार समजले जात असावे. म्हणूनच लक्षणे घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत, ही निदानाची अट मला फार महत्त्वाची वाटते.

औषधांबाबत बोलायचे तर, एडीएचडीवरील उपचारांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतील एमटीए अभ्यासात ५७९ मुलांवर वेगवेगळ्या गटांत १४ महिने उपचार झाले. १९९९ मधील निष्कर्षांनुसार, काटेकोर देखरेखीखालील औषधोपचार मुख्य लक्षणांवर निव्वळ वर्तनोपचारापेक्षा अधिक प्रभावी ठरले, परंतु तीन वर्षांच्या टप्प्यावर गटांमधील फरक उरला नव्हता. यावरून औषधे निरुपयोगी ठरतात असे म्हणणे घाईचे होईल, कारण तोवर नेमून दिलेले उपचार संपले होते आणि पुढील निर्णय प्रत्येक कुटुंब आपापल्या परीने घेत होते.