जळगावात घरी तापास: वांग्याचे काप, तोर्तिया, पालक-चणे (आणि स्पेनमध्ये शाकाहाऱ्यांनी काय मागवावं)

गिरणाकाठ

मंडळी, राम राम. डिसेंबरात जळगावला घरी आठ माणसांसाठी तापास, म्हणजे छोट्या बशांतून खायचे स्पॅनिश पदार्थ, करायचे आहेत. त्यातले तिघं अंडं खात नाहीत. सध्या ठरलंय ते असं: बटाट्याचं तोर्तिया (जाडसर स्पॅनिश ऑम्लेट), वांग्याचे तळलेले काप काकवी घालून, सेव्हियाकडचे पालक-चणे आणि कोर्दोबाचं टोमॅटोचं साल्मोरेहो (थंड, दाट सूप). शेगडी दोन बर्नरची आहे, नॉनस्टिक पॅन 22 सेंमीचा.

अडचणी अशा. काप ताटात येईपर्यंत मऊ पडतात, ते का? भरीताची वांगी कापांना चालतील का? धुरावलेलं स्पॅनिश तिखट, म्हणजे पिमेन्तोन, इथल्या दुकानांत मिळत नाही, त्याला पर्याय काय? आणि तोर्तिया उलटताना हमखास फुटतं.

शिवाय येत्या वर्षी सासू-सासऱ्यांना घेऊन सेव्हिया आणि ग्रानादाला जायचं आहे. दोघं पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तिथल्या साध्या हॉटेलांत काय मागवायचं, तेही कोणी नीट सांगा.

पऱ्हाटी

ताई, भरीताचं वांगं कापांसाठी घेऊ नका. ते मोठं, हिरवट, कमी बियांचं, आणि त्याचा गर कापसासारखा पोकळ असतो. आचेवर तो लोण्यासारखा वितळतो म्हणून तर आपल्या भरीताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तळताना हाच गर तेल ओढतो. कापांसाठी लांबट जांभळी, कोवळी, हाताला घट्ट लागणारी वांगी बघा. आठ जणांना 600 ग्रॅम पुरतात.

साल ठेवून 5 मिमी जाडीचे काप करा. याहून पातळ केले तर नुसता पापड होतो, जाड ठेवले तर आत कच्चे राहतात. चमचाभर मीठ चोळून अर्धा तास चाळणीत ठेवायचे. मिठाने पाणी सुटतं, गरातल्या पोकळ्या दबतात आणि तेल कमी शिरतं. मग पुसून थंड दुधात अर्धा तास. आंदालुसियात, म्हणजे दक्षिण स्पेनमध्ये, दूध किंवा बिअर, दोन्ही चालतं. निथळून पिठात घोळवा: तीन वाट्या जाडसर गव्हाचं पीठ, एक वाटी बेसन. इथे आपला हात आपसूक भज्यांकडे वळतो, तो आवरा. पीठ कोरडंच हवं, जास्तीचं चाळणीत झटकून टाकायचं. झटकलं नाही तर ते तेलाच्या तळाशी जळतं आणि पुढचा प्रत्येक घाणा कडवट होतो.

तेल 180 अंशांवर. थर्मामीटर नसेल तर पावाचा तुकडा टाकून बघा: लगेच वर आला आणि पाऊण-एक मिनिटात तांबूस झाला की तेल तयार. एका वेळी सात-आठच काप, दोन मिनिटं.

आता मऊ का पडतात ते. कागदावर एकावर एक रचले की खालच्यांची वाफ वरच्यांत शिरते. जाळीवर सुटे ठेवा. दुसरं कारण काकवी. ती स्वयंपाकघरात ओतायची नाही. ताट पुढ्यात ठेवलं की वरून बारीक धार, बस. आठ जणांना पाच-सहा चमचे पुष्कळ.

काकवी इथे मुळीच तडजोड नाही बरं का. मालागा भागात या कापांवर जो ‘ऊसाचा मध’ घालतात, तो उसाचा रस आटवूनच केलेला असतो, फ्रिहिलियाना गावात तो आजही बनतो. तिकडचा जरा दाट आणि गडद असतो, म्हणून बाटलीतली काकवी मंद आचेवर पाच मिनिटं आटवून पूर्ण गार करा. गरम असताना पातळ वाटते म्हणून जास्त आटवाल तर गार झाल्यावर ती चमच्यालाच चिकटून बसेल.

वाघूर

तोर्तियाबद्दल सांगतो. 22 सेंमी पॅनला 600 ग्रॅम बटाटे, 150 ग्रॅम कांदा, 6 अंडी, सव्वा चमचा मीठ. बटाट्याच्या 3 मिमी चकत्या, धुवायच्या नाहीत, कारण वरचा स्टार्चच अंड्याला धरून ठेवतो. बटाटा आणि कांदा बुडेल इतक्या तेलात, साधारण 350 मिली, अगदी मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं. तेलात संथ बुडबुडे दिसले पाहिजेत, चरचर ऐकू येता कामा नये. बटाटा तळायचा नसतो, तेलात शिजवायचा असतो. झाऱ्याने दाबला की मोडला पाहिजे, रंग मात्र यायला नको.

कोल्ड स्टोरेजमधला बटाटा असेल तर जपा. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, त्यामुळे तो शिजायच्या आधीच लाल होतो.

सगळं तेल ऑलिव्हचं नको. तीन भाग रिफाइन्ड सूर्यफूल, एक भाग ऑलिव्ह. तळायला सूर्यफूल तेल स्पेनमध्येही सर्रास वापरतात. घाण्याचं शेंगदाणा तेल नको. एरवी त्याचा जो वास आपल्याला हवासा असतो तोच इथे बाकी सगळं झाकून टाकतो. निथळलेलं तेल गाळून ठेवा, दुसऱ्या दिवशी भाजीला उत्तम.

फुटतं ते मुख्यतः दोन कारणांनी. पहिलं, बटाटा अंड्यात घालून लगेच पॅनमध्ये ओतला जातो. कोमट बटाटा फेटलेल्या अंड्यात 15 मिनिटं मुरू द्या, मिश्रण दाटसर होतं. दुसरं, पॅन पुरता तापलेला नसतो. चमचाभर तेल चांगलं तापवा, मिश्रण ओता, अर्धा मिनिट मोठी आच, मग मंद करून तीन-चार मिनिटं. कडा सुटल्या आणि पॅन हलवल्यावर सगळं एकसंध सरकलं की पॅनपेक्षा मोठी सपाट ताटली झाकून एका झटक्यात पालथं घाला. काठाची थाळी घेऊ नका, उलटलेलं तोर्तिया तिच्यातून पॅनमध्ये परत सरकत नाही. दुसरी बाजू दोन मिनिटं. मध्ये किंचित ओलसर राहतं ते तसंच हवं. कोणाला ते आवडणार नसेल तर दोन मिनिटं जास्त ठेवा, त्यात काही बिघडत नाही.

पिमेन्तोनचं असं आहे: एस्त्रेमादुरातल्या ला व्हेरा भागात मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर दहा-पंधरा दिवस वाळवतात, चव त्या धुराची असते. घरी काश्मिरी मिरचीचं तिखट वापरा. रंग भरपूर आणि जळजळ कमी. नंदुरबारच्या बाजारातलं झणझणीत तिखट या कामाला नाही. चार चमचे तिखट परातीत पातळ पसरा, मधोमध वाटीत लाल निखारा, निखाऱ्यावर दोन थेंब तेल, वर झाकण. पाच मिनिटांनी हलवा, पुन्हा एकदा करा. तेलाचा थेंब तिखटावर पडला तर गुठळ्या होतात. तंतोतंत ला व्हेराची चव येणार नाही, पण पालक-चण्यांत ते छान लागतं.

तापीतीर

वाघूरभाऊ, तिघं अंडं खात नाहीत म्हणाल्या आहेत ताई, त्यांचं काय? 600 ग्रॅम बटाट्याला 120 ग्रॅम बेसन, 230 मिली पाणी, मीठ आणि दोन चिमूट काळं मीठ. काळ्या मिठाने अंड्यासारखा वास येतो. वीस मिनिटं भिजवून त्यात तेलात शिजलेला बटाटा-कांदा घाला. झाकण ठेवून मंद आचेवर एका बाजूने आठ मिनिटं, दुसऱ्या बाजूने सहा. घाई केली तर कच्च्या बेसनाचा वास राहतो. हे आधी करून घ्या, अंड्याचं नंतर, म्हणजे पॅन, झारा कशाचीच सरमिसळ नाही.

ताई, साल्मोरेहो मात्र डिसेंबरात करू नका असंच मी म्हणेन. भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो तेव्हाचं ते खाणं आहे, थंडगार. त्याच्या जागी कातालोनियाचं एस्कालिवादा करा, कारण तेव्हाच भरीताची वांगी ऐन भरात असतात. दोन मोठी वांगी, तीन लाल ढोबळ्या मिरच्या, दोन कांदे, सगळं अख्खं. कपाशीच्या काड्यांवर, आपण भाजतो तसंच, साल पूर्ण काळी होईस्तोवर भाजायचं. कांद्याला वेळ जास्त लागतो, तो आधी निखाऱ्यांत सरकवा. मग पातेल्यात झाकून वीस मिनिटं, वाफेने साली सुटतात. पाण्याखाली धरून सोलू नका, धुराची चव तिथेच वाहून जाते.

पुढे भरीताची वाट सोडायची. बडगीत ठेचायचं नाही, हिरवी मिरची नाही, शेंगदाणे नाहीत, फोडणी तर नाहीच. हाताने लांब पट्ट्या फाडा, चाळणीत पंधरा मिनिटं निथळा, मीठ घाला आणि वरून तीन-चार चमचे चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल. महागडं तेल इथे कच्चं घाला, तळण्यात घालवू नका. दोन-तीन तास आधी करून ठेवलं तर जास्त चांगलं लागतं. सोबत भाजलेला पाव, आणि कळण्याची भाकरी कडक शेकून तिचे तुकडे ठेवलेत तर फारच उत्तम. उडदाचा तो किंचित कडवटपणा धुराला छान साथ देतो.

पालक-चणे: 250 ग्रॅम काबुली चणे रात्रभर भिजवून मऊ शिजवा. 600 ग्रॅम पालक वाफवून घट्ट पिळा. इथेच बहुतेकांचं फसतं, पाणी राहिलं की त्याची पातळ भाजी होते. पावाचे दोन तुकडे आणि लसणाच्या चार पाकळ्या तेलात लाल तळून, एक चमचा जिरं आणि चमचाभर व्हिनेगर घालून खलबत्त्यात कुटा. कढईत तीन चमचे तेल तापवून आच बंद करा, तिखट घाला आणि लगेच कुटलेला मसाला व चण्यांचं वाटीभर पाणी. चालू आचेवर तिखट काही सेकंदांत जळतं. मग चणे, पालक, दहा मिनिटं मंद आच. गरम मसाला, धणे, टोमॅटो काही नको. त्यातलं एक जरी घातलं तरी ती आपली छोल्यांची भाजी होऊन बसते.

बर्नर दोनच आहेत तर पालक-चणे आणि दोन्ही तोर्तिया आधीच करा. तोर्तिया कोमट किंवा गारही खातात. पाहुणे बसले की फक्त वांगी तळायची. सगळं एकदम मांडू नका, एक ताट संपत आलं की पुढचं आणा.

सातपुडा_वाट

स्पेनच्या प्रवासाबद्दल. सर्वात आधी वेळा लक्षात ठेवा, ज्येष्ठ मंडळींचे हाल तिथेच होतात. दुपारचं जेवण दीड-दोन ते चार, रात्रीचं साडेआठ-नऊनंतर. मधल्या वेळात बहुतेक स्वयंपाकघरं बंद. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच हॉटेलं बंद असतात, ऑगस्टमध्ये कित्येक कुटुंबं दुकान बंद करून सुट्टीवर जातात. सेव्हियात जुलै-ऑगस्टला चाळिशीपार ऊन असतं, म्हणून एप्रिल किंवा ऑक्टोबर बघा.

तापा म्हणजे बशीभर, मेदिया रासियोन म्हणजे अर्धं ताट, रासियोन म्हणजे पूर्ण ताट, तिघा-चौघांत वाटायचं. नवीन ठिकाणी तापाने सुरुवात करा. बाहेर रस्त्यावरच्या टेबलाला काही ठिकाणी जास्त दर लागतो, आणि टेबलावर आणून ठेवलेल्या पावाचेही पैसे लागू शकतात. नळाचं पाणी मात्र मोफत द्यावंच लागतं, 2022 पासून तसा कायदा आहे: ‘आग्वा देल ग्रिफो’ मागा.

नुसतं ‘सोय वेहेतारियानो’ म्हणून भागत नाही. पुष्कळ ठिकाणी मांस म्हणजे समोर दिसणारा तुकडा, त्यामुळे हॅम आणि ट्यूना त्यात धरले जात नाहीत. स्पष्ट म्हणा: सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून, सिन उएव्हो. मांस, हॅम, मासा, ट्यूना, अंडं नको. कुठे काय लपलेलं असतं ते ऐका. एन्सालादा मिक्स्ता या साध्या सॅलडमध्ये बहुधा ट्यूना आणि उकडलेलं अंडं. एन्सालादिया रूसा या बटाटा-मेयोनीजच्या सॅलडमध्ये तेच. साल्मोरेहोवर हॅम आणि अंडं भुरभुरलेलं. लसणीतल्या मशरूममध्ये आणि आर्टिचोकमध्ये हॅमचे तुकडे. मसुरात चोरिसो, म्हणजे डुकराचं सॉसेज. क्रोकेतास या तळलेल्या गोळ्यांचं सारण बहुतेक हॅमचं, आणि पालकाचं असलं तरी वरच्या आवरणाला अंडं लागतंच. गोडातही बघा: पोल्व्होरोन, मान्तेकादो आणि एन्साइमादा यांत डुकराची चरबी असते.

तुमच्या सासू-सासऱ्यांना चालतील असे पदार्थ: पालक-चणे, टोमॅटो चोळलेला पाव, गास्पाचो (टोमॅटोचं थंड सूप), बदामाचं पांढरं थंड सूप आहोब्लान्को, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, पिस्तो ही परतलेल्या भाज्यांची भाजी (वर अंडं नको सांगून), पातातास ब्राव्हास, म्हणजे तिखट सॉसचे तळलेले बटाटे. शेवटच्यात अंड्याचा लसूण-सॉस आलिओली नको, फक्त ब्राव्हा सॉस मागा. वांग्याचे काप आणि मिरच्या बऱ्याचदा माशांच्याच तेलात तळतात, तेव्हा त्यांना चालणार नसेल तर आधी विचारा.

ग्रानादात पेयासोबत तापा फुकट येतो, पण तो निवडायचा हक्क सहसा तुमचा नसतो. पेय सांगतानाच ‘तापा वेहेतारियाना, पोर फाव्होर’ म्हणा, ताट आल्यावर सांगून उपयोग नाही. दारू नको तर मोस्तो, म्हणजे द्राक्षरस घ्या, त्यावरही तापा येतो. सेव्हियात मात्र प्रत्येक तापाचे पैसे वेगळे.

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. साल्मोरेहो मे महिन्यापर्यंत ठेवते, एस्कालिवादा नक्की. एक राहिलं: सासरे चीजच्या बाबतीत रेनेट, म्हणजे दूध नासवायला घालतात तो पदार्थ, कशाचं आहे ते विचारतात. मान्चेगो चालेल का?

सातपुडा_वाट

मान्चेगो मेंढीच्या दुधाचं, आणि परंपरेने त्यात प्राण्यांचं रेनेट वापरतात, तेव्हा त्यांना नको. एस्त्रेमादुराचं ‘तोर्ता देल कासार’ मागा. तेही मेंढीच्या दुधाचंच, पण दूध नासवायला रानटी आर्टिचोकच्या जातीतल्या काटेरी फुलांचे तंतू वापरतात. आतून ते पातळ, चमच्याने काढून पावावर लावायचं. वास उग्र असतो, सासऱ्यांना तेवढं आधी सांगून ठेवा. फ्रिजमधून काढून दोन तास बाहेर ठेवल्याशिवाय ते सैल होत नाही.

पऱ्हाटी

ताई, मे महिन्यात साल्मोरेहो कराल तेव्हा दुकानातला गोड सँडविच ब्रेड घेऊ नका, साधा शिळा पाव घ्या. एक किलो पिकलेले, लालबुंद टोमॅटो मिक्सरमधून काढून गाळायचे, त्यात 150 ग्रॅम पाव दहा मिनिटं भिजवायचा, एक लसूण पाकळी, दोन चमचे मीठ, पुन्हा फिरवायचं. 100 मिली ऑलिव्ह तेल सगळ्यात शेवटी, मिक्सर कमी वेगावर ठेवून धारेने. जोरात आणि फार वेळ फिरवलं तर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल कडू होतं, आणि एकदा आलेला तो कडवटपणा कशानेच जात नाही.