झोपु योजनेच्या नकाशात हवा आणि उजेड कसा तपासावा?

कुर्ला_रहिवासी (प्रश्न)

आमच्या वस्तीची झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजना आता मार्गी लागत आहे. परिशिष्ट-२ मधील पात्रतेची यादी लागली असून विकासकाने सभेत नकाशे मांडले आहेत. सभेतील बहुतेक प्रश्न संक्रमण काळातील भाड्याविषयी, कॉर्पस निधीविषयी (इमारतीच्या देखभालीसाठी राखून ठेवलेली रक्कम) आणि ३०० चौरस फुटांच्या घराविषयी होते. मात्र पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून दाखवल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन कधी पोहोचेल, याचीच मला शंका वाटते. घरात आईला पूर्वी क्षयरोग होऊन गेल्यामुळे हा विषय माझ्या दृष्टीने गौण नाही. इमारतीच्या रचनेचा आणि आजाराचा खरोखर किती संबंध असतो? आणि वास्तुशास्त्र न शिकलेल्या माणसाने नकाशात नेमके काय पाहावे?

आरोग्य_विभाग_निवृत्त

संबंध थेट आहे. क्षयरोगाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहू शकतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होतात आणि उन्हातील अतिनील किरणांनी मरतात. घर लहान असून माणसे जास्त असतील आणि खिडकीसमोर भिंतच असेल, तर रुग्णाने औषध सुरू करण्यापूर्वीच घरातल्या इतरांना संसर्ग झालेला असतो.

मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड ही याची मुंबईतील ठळक उदाहरणे आहेत. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी उभारलेल्या या वसाहतींत काही इमारतींमधील अंतर जेमतेम ३ मीटर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा येथील अभ्यास २०१८ मध्ये समोर आला. ऊन आणि वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसले होते. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला उपचारकाळात आहारासाठी मिळणारे दरमहाचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, हे चांगलेच झाले. पण औषध आणि आहार देऊन बरा केलेला माणूस आपण पुन्हा त्याच खोलीत पाठवतो.

नकाशावाचक

मी वास्तुविशारद आहे. सर्वप्रथम मजल्याचा नकाशा बाजूला ठेवून संपूर्ण भूखंडाचा नकाशा मागा आणि दोन इमारतींमधील अंतर मीटरमध्ये विचारा. नियमावलीत इमारतीच्या उंचीच्या प्रमाणात सामासिक अंतर (इमारतीभोवतीची मोकळी जागा) सोडणे अपेक्षित असते. पण झोपु योजनांत त्यात मोठी सवलत मिळते. त्यामुळे ‘सर्व काही नियमानुसार आहे’ या उत्तरावर थांबू नका. सवलत कोणत्या बाजूला आणि किती मीटरची घेतली आहे, हे लेखी विचारा.

त्यानंतर प्रत्येक खोलीची खिडकी कुठे उघडते ते पाहा. ती रस्त्याकडे किंवा चौकाकडे उघडत असेल तर ठीक. अरुंद डक्टमध्ये (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत) उघडत असेल तर ती खिडकी कागदावरचीच समजा. खिडकीचे क्षेत्रफळ खोलीच्या किमान एक षष्ठांश असावे. मधल्या पॅसेजच्या दोन्ही टोकांना उघडी जागा आहे का, हेही तपासा. दोन्हीकडे घरे असलेल्या बंद पॅसेजमध्ये आरपार वारा येऊच शकत नाही.

या शहराला हे सारे पूर्वीच कळले होते. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी ओळखला आणि त्या साथीमुळे दाट वस्त्या सुधारण्यासाठी १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. समुद्राची हवा दाट वस्तीत शिरावी म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. खोलीत उजेड यावा म्हणून त्या काळी साडेत्रेसष्ट अंशांचा नियमही आला. समोरच्या इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्मी मोकळी जागा मध्ये सोडायची, असा त्याचा ढोबळ अर्थ. त्या हिशेबाने २४ मीटर उंचीच्या दोन इमारतींत १२ मीटर अंतर हवे. ट्रस्टने पाडलेल्या घरांच्या तुलनेत नवी घरे फार कमी बांधली आणि गरीब लोक शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले, हेही खरे. त्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही.

बांधकाम_हिशेब

वरील सल्ला योग्य असला तरी व्यवहाराची बाजूही पाहावी. या योजनेत रहिवाशाला घर मोफत मिळते आणि त्याचा खर्च त्याच भूखंडावर विकासक बाजारात विकतो त्या विक्रीच्या इमारतीतून निघतो. पुनर्वसन जितक्या कमी जागेत बसेल तितकी जमीन विक्रीला मोकळी होते. १२ मीटरचा आग्रह धरला तर अनेक योजना उभ्याच राहणार नाहीत.

नकाशावाचक

हिशेब मान्य आहे, म्हणूनच मी दोष एकट्या विकासकाला देत नाही. एरवी नगररचनेत घनतेची कमाल मर्यादा ठरवतात. झोपु योजनेत हेक्टरी किमान ६५० सदनिकांची अट आहे. घरटी पाच माणसे धरली तरी एका हेक्टरवर सव्वातीन हजार लोक होतात. हा धोरणाचा निर्णय आहे आणि त्याचा खर्च पुढे महापालिकेची क्षयरोग केंद्रे उचलतात. तरीही त्याच भूखंडात दोन इमारतींची तोंडे फिरवून किंवा खिडक्या समोरासमोर न ठेवता बरेच साधता येते. सभेने ठराव करून तसा आग्रह धरावा.

दुसरा_मजला

मी पूर्व उपनगरातील एका पुनर्वसन वसाहतीत राहतो. नकाशात न दिसणारी एक गोष्ट सांगतो. दोन इमारतींमधली मोकळी जागा आमच्याकडे हाउस गल्ली झाली आहे. वरच्या मजल्यांवरून कचऱ्याच्या पिशव्या तिथे पडतात, सांडपाण्याचे पाइप तिथेच गळतात, आणि दुर्गंधी व डासांमुळे खालचे रहिवासी खिडक्या कायमच्या बंद ठेवतात. भर दुपारी ट्यूबलाइट लावल्याशिवाय आमच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडता येत नाहीत. लिफ्ट बंद पडते म्हणून वयस्कर माणसे मुद्दाम खालचा मजला मागतात, म्हणजे जिथे हवा सर्वांत वाईट तिथेच ती जाऊन राहतात. तेव्हा अंतर किती आहे यासोबतच त्या जागेत सफाई कर्मचाऱ्याला शिरता येईल का, कचरा कुठून उचलला जाईल आणि त्याचा खर्च कॉर्पस निधीतून होणार की रहिवाशांच्या देखभाल शुल्कातून, हे ताबा घेण्यापूर्वीच लिहून घ्या. आईंसाठी घर निवडता आले नाही, कारण वाटप सोडतीने होते, तर वैद्यकीय कागदपत्रे जोडून मजला बदलून देण्याचा अर्ज सोडतीआधीच करून ठेवा.