घरच्या ग्रुपवर : पिंट्याची गोव्यातली खोली

माई : सगळ्यांनी जरा इकडं बघा. पिंट्याला १ जुलैला वेर्ण्याला कंपनीत हजर व्हायचंय, अजून खोलीचा पत्ता नाही. काल रात्री मी विचारलो तर म्हणतोय, कोलव्याला बीचजवळ बघतो. भावजी, तुम्ही तरी सांगा त्याला.

नानाकाका : करार लेखी करा. डिपॉझिटची पावती घ्या.

पिंट्या : आई, दोन मित्र तिथंच आहेत. भाडं तिघांत पडतंय. खोली चांगली आहे.

आण्णा : पिंट्या, मी वास्कोत ६ वर्षं काढलोय म्हणून सांगतोय, राग मानू नको. बीचजवळ आत्ता पावसात स्वस्त मिळतंय. ऑक्टोबर आला की पाहुण्यांसाठी खोली मोकळी करा म्हणतात. दिवाळीच्या तोंडावर सामान घेऊन कुठं जाणार? आणि खारं वारं. माझ्या गाडीची चेन एका पावसात गंजली. कपाटातले बूट हिरवे झाले, दहावीच्या मार्कशीटवर बुरशी आली. ती आजही डाग घेऊनच आहे.

शहापूरची आत्या : माझ्या जाऊबाई म्हापशाला आहेत की. घरचं जेवण मिळेल पोराला.

आण्णा : अगं, म्हापसा कुठं, वेर्णा कुठं! मधे मांडवी आणि जुवारी, दोन नद्या. जुवारीवर नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीला पूर्वीसारखं अडकत नाही, ते खरं. पण रोज जाऊन-येऊन पोरगं थकेल.

शहापूरची आत्या : बरं. आमचं कधी कुणाला पटलंय? वास्तुशांतीलाही आम्हाला आदल्या दिवशी फोन आला होता.

माई : वन्सं, तो विषय आत्ता नको. पत्रिका मी स्वतः घेऊन आलो होतो.

खानापूरचे मामा : खोली कुठंही घ्या, शनिवारी येताना तेवढे बांगडे आणा 😀

आण्णा : ३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदी, ट्रॉलर बंद. कुठले बांगडे?

नानाकाका : करार लेखी. ११ महिन्यांचा. पावती घ्या.

पिंट्या : नानाकाका, कळलं हो.

नानाकाका : कळलं नाही तुला. मी पावती घेतलो नव्हतो. निघताना मालक म्हणाला, भिंत खराब केलास. दोन महिन्यांचं डिपॉझिट गेलं. तुझी काकू तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती, हातात पैसा नव्हता. म्हणून परत परत लिहितोय.

माई : भाऊजी, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आण्णा : पिंट्या, मडगाव बघ. वेर्णा दहा-बारा किलोमीटर. कंपनीची बस कुठल्या स्टॉपला थांबते ते आधी विचार, त्या स्टॉपपासून चालत जाता येईल अशीच खोली घे. रात्री आठनंतर खाजगी बस मिळणं मुश्कील, सेकंड शिफ्ट लागली तर काय करशील? वास्को चालेल, पण बंदराच्या बाजूला नको, कोळशाची धूळ बसते.

खानापूरचे मामा : आणि घरी यायचं कसं? २०२५ च्या जुलैत अनमोड घाटात रस्ता खचला होता. पावसात चोर्ला घाटातून रात्री बाईक घालू नकोस, पिंट्या. हे मी चेष्टेनं सांगत नाही.

आण्णा : म्हणून तर मडगाव. गोवा एक्सप्रेस रोज आहे, कुळे, लोंडा करत थेट बेळगाव. दरड पडली तर तीही थांबते, पण डब्यात बसलेला असशील. आणि केए २२ ची गाडी नेलीस तर कागद डिकीत ठेव, तिकडं बाहेरच्या नंबरला अडवू शकतात. भाडेकरूचा पोलीस फॉर्म मालक टाळायला लागला तर ती खोली सोड.

शहापूरची आत्या : जाऊबाईंनी मडगावात ओळखीचं घर आहे म्हणून सांगितलं. नंबर पाठवू का?

माई : पाठवा वन्सं. लगेच.

पिंट्या : आत्या, मी आज दुसरी एक खोली बघायला आलोय. मडगावातच फातोर्ड्याला, तळमजला. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते. मालक चांगले वाटले, करार करायला तयार आहेत. फोटो टाकलाय.

आण्णा : पलंगामागं भिंतीवर काळं काय आहे? फोटो जवळून काढ.

पिंट्या : ओल आहे थोडी. रंग मारून देतो म्हणालेत.

आण्णा : बोटानं दाब. पोपडा सुटतो का बघ.

पिंट्या : सुटला. आत ओलं आहे. हाताला मातीच लागली.

आण्णा : जून आहे अजून. सप्टेंबरपर्यंत तिथं पांघरूण वाळणार नाही. मालकांना विचार, वरचा मजला रिकामा होतोय का.

पिंट्या : पहिल्या मजल्यावरचे १० जुलैला सोडणार आहेत.

शहापूरची आत्या : तोवर १० दिवस जाऊबाईंच्या ओळखीच्या घरी राहू दे. मी बोलतो.